साक्षी गहू

टोपल्या अकरा होत्या. फुलवंताने त्या तिसऱ्यांदा मोजल्या, कारण मोजत असेपर्यंत दुसरा विचार करावा लागत नाही. मोजणीत चूक नव्हती. चूक रंगात होती.

भुजलीचं रोप पिवळं असतं. श्रावणात बायका आपापल्या घरची माती टोपलीत घेतात, गहू पेरतात आणि नऊ दिवस अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवतात. उन्हाचं तोंड न पाहिलेला तो अंकुर हळदीसारखा निघतो. नवव्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन नदीवर जायचं, रोपं एकमेकींच्या कानामागे खोवायची, उरलेली पाण्यात सोडायची. ज्या दोघींनी एकमेकींना रोप दिलं, त्या जन्मभराच्या भुजली. पुढे एकमेकींचं नाव घ्यायचं नाही आणि एकीने मागितलं तर दुसरीने नाही म्हणायचं नाही.

आज सातवा दिवस होता. नऊ टोपल्या पिवळ्या होत्या. उरलेल्या दोन टोपल्यांतली रोपं बीट कापल्यासारखी लाल झाली होती. त्यातली एक नदीपलीकडच्या बेलटोला वस्तीतल्या यमुनेची, म्हणजे फुलवंताच्या भुजलीची. दुसरीच्या काठाला निळी चिंधी होती, आणि ती फुलवंताने स्वतःच्या हाताने बांधलेली होती.

तिने फडकी पुन्हा झाकली, दार ओढलं आणि उंबऱ्यावर सूप घेऊन बसली. सुपात एकही खडा नव्हता, तरी ती निवडत राहिली. लाल म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती. गेली दोन वर्षं ती हाच रंग शोधत जंगलभर फिरत होती.

फुलवंताच्या कोसमटोल्यामागच्या डोंगरात एक धातू निघाला होता. बॅटऱ्यांना लागतो म्हणत. त्याच्यासाठी कंपनी आली, कंपनीबरोबर बंदुका घेतलेले पहारेवाले आले, आणि त्यांना हुसकायला जंगलवाले आले. नऊ वर्षं लढाई झाली. दोघांनीही इतके सुरुंग पुरले की आपले कुठले नि परक्यांचे कुठले, याचा त्यांनाच पत्ता राहिला नाही. या मुलखात पाय गेलेल्या बायका एकोणीस होत्या आणि पुरुष सहा. लढाई पुरुषांची होती, पण सरपण, पाणी आणि मोहफूल बायकांचं होतं.

मग दोन वर्षांपूर्वी डॉ. वैखरी टेंभेकर गव्हाचं पोतं घेऊन आल्या. शाळेच्या फळ्यावर त्यांनी एक मूळ काढलं आणि म्हणाल्या, ‘‘स्फोटक पुरलं तरी ते गप्प बसत नाही. कितीही घट्ट बांधा, त्याचे कण मातीत झिरपत राहतात. कुत्र्याचं नाक थकतं, आणि डबा प्लास्टिकचा असला तर धातू शोधणारं यंत्र फसतं. पण मुळं रात्रंदिवस माती पीत असतात. या गव्हाच्या मुळांत आम्ही एका जिवाणूचा गुण घातलाय. तो एवढा एकच कण ओळखतो. तो कण भेटला की एक कळ दाबली जाते आणि बीटाचा लाल रंग तयार होतो. युरिया घाला, शेण घाला, रंग येणार नाही. बारुदाचा कण आला, तरच येणार.’’

‘‘म्हणजे हा गहू चुगलखोर हाय,’’ फुलवंता म्हणाली होती.

‘‘साक्षीदार आहे,’’ बाई हसून म्हणाल्या. तेव्हापासून तो साक्षी गहू.

सव्वीस बायकांचं पथक झालं आणि फुलवंता त्याची प्रमुख. चिखलाच्या गोळीत दाणे भरायचे, पाखरं हाकायच्या गोफणीने ती गोळी वाटेवर पुढे फेकायची, आठ दिवस थांबायचं. हिरवं उगवलं तर पाऊल टाकायचं, लाल उगवलं तर चुन्याची खूण. दोन वर्षांत त्यांनी तीनशे बारा सुरुंग दाखवले. एकदा एका बाईने लाल रोपांचा ट्रे धुतला आणि ते पाणी बाजूच्या रोपांवर ओतलं. दीड दिवसात अख्खी रोपवाटिका लाल! तेव्हा डॉक्टरीणबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या होत्या, ‘‘अगं, त्याचं पाणीसुद्धा साक्ष देतं!’’

आणि आता ही भुजली. नऊ वर्षं नदी ओलांडता येत नव्हती म्हणून सण बंद होता. यंदा युद्धबंदी झाली, म्हणून दोन्ही टोल्यांनी मिळून पेरायचं आणि टोपल्या पथकाच्या खोलीत एकत्र ठेवायच्या, असं ठरलं. हा भाताचा मुलूख, गहू आणायचा तर बाजार चाळीस किलोमीटर. पथकाच्या कोठीत मात्र अर्धं पोतं पडून होतं. ‘‘गहू तो गहूच,’’ असं फुलवंताच म्हणाली होती. सणाच्या भरात एक गोष्ट तिच्या डोक्यातून साफ निसटली. भुजलीची माती घेतात ती धानाच्या ढोलीखालून, म्हणजे घरातलं धान पुरतं. आणि बांबूची ती भरलेली ढोली वर्षभर कोणी हलवत नाही, हे पुरुषांनाही माहीत असतं.

परवा भुजली शिरवायची, म्हणजे नदीत सोडायची होती, आणि परवाच नदीकाठच्या शाळेत दोन्ही बाजूंच्या करारावर सह्या होणार होत्या. फोटो चांगले येतील म्हणून मध्यस्थ गोडघाटे साहेबांनी मुद्दाम तो दिवस धरला होता. करारात एक कलम होतं. सही झाल्यावर कोणत्याही घरात लपवलेलं स्फोटक सापडलं, तर तो करारभंग, आणि समोरच्याला बंदूक उचलायची मोकळीक.

*

दसरू परसात बांबूच्या कामट्या सोलत होता. फुलवंताचा नवरा कमी बोलणारा. गावात त्याला सगळे साधा म्हणत. बावीस वर्षांच्या संसारात फुलवंताने त्याची वेगळीच नोंद ठेवली होती: हा माणूस खोटं बोलत नाही, फक्त विचारलेल्याचं उत्तर देत नाही.

‘‘ढोलीखाली काय हाय?’’ तिने विचारलं.

‘‘ढोलीत धान हाय.’’

‘‘ढोलीत नाही विचारलं मी. खाली.’’

कोयता थांबला. ‘‘तुले कोणी सांगतलं?’’

‘‘गव्हानं.’’

दसरूने कामटी उन्हात धरून बघितली, जणू तिच्यातच दोष होता. ‘‘चार किलो हाय,’’ तो म्हणाला. ‘‘उडवायची टोपी अलग ठेवली हाय. आपोआप काई होत नाही.’’

‘‘चार किलोवर निजते मी? बावीस वर्षं ज्या माणसाले भाकर वाढली, त्यानं मले बारुदावर निजवलं?’’

‘‘बावीस नाही. चार.’’

‘‘मोठे उपकार झाले! जमा कायले नाही केलं? मुदत होती ना महिनाभर?’’

‘‘मुदत होती. नाव लिवून, अंगठा देऊन, फोटो काढून. हिरामणनं केलं जमा. हिरामण कुठं हाय?’’

गावातला हिरामण अकरा दिवसांपासून बेपत्ता होता. कोणी म्हणे पहारेवाल्यांनी नेला, कोणी म्हणे जंगलवाल्यांनीच, गद्दार म्हणून. दोघांकडेही जमा करणाऱ्यांची यादी होती.

‘‘सही कागदावर होते, फुलवंता. पहारेवाल्यायनं माह्या भावाले नेलं तवा बी त्यायच्या हातात कागदच होता. उद्या करार मोडला तर मी का कामट्या घेऊन लढू?’’

‘‘परवा ती टोपली डोक्यावर घेऊन मी दोन्ही फौजांसमोरून चालणार हाय. तिथं आंधळ्यालेबी लाल दिसते.’’

‘‘नको नेऊ.’’

‘‘टोपली नाही निघाली म्हणजे घरात कोणी मेलं, असं समजतात. सारा गाव दारात येईल विचारायले, कोण गेलं म्हणून. काय सांगू?’’

दसरूने कोयता पुन्हा चालवला. मग त्याने विचारलं, ‘‘अजून कोणाची लाल हाय?’’

त्याने अगदी सहज विचारलं. पण फुलवंताने दोन वर्षं पानांच्या आडचा रंग बघायची सवय लावून घेतली होती. पलीकडच्या काठावरचं यमुनेचं घर, तेही पहारेवाल्यांचा नाका सांभाळणाऱ्या नाकेदाराचं! दसरूच्या तोंडून जंगलवाल्यांच्या कानावर हे गेलं तर त्यांना करार मोडायला याहून सोयीचं काय मिळणार?

‘‘कोणाचीच नाही. आपलीच,’’ ती म्हणाली.

नवऱ्याच्या डोळ्यांत बघून ती पहिल्यांदाच सरळ खोटं बोलली होती.

*

यमुना नदीवर कपडे आपटत होती. तिचा नवरा रामरतन पहारेवाल्यांचा नाकेदार, मिशी वळवण्यापुरता शूर. नऊ वर्षं या दोघी समोरासमोरच्या काठांवर धुणं धूत आणि कपडे आपटण्याच्या लयीत एकमेकींना बातम्या देत. तीन आपट म्हणजे बरं आहे.

आज फुलवंता पाण्यातून थेट पलीकडे गेली.

‘‘काय वो भुजली, साबण संपला का तुया काठाचा?’’ यमुनेने विचारलं.

‘‘तुयी टोपली लाल हाय.’’

यमुनेचा हात हवेतच राहिला. मग तिने तो कपडा, रामरतनचा खाकी सदरा होता तो, दगडावर असा काही हाणला की दोन गुंड्या उडाल्या. ‘‘तरी म्हणलं, हा माणूस ढोलीशी उंदीर मारायले रोज कायले जाते! अन् तुले कसं दिसलं? तू सगळ्यायच्या टोपल्या उघडून...’’

‘‘माहीबी लाल हाय.’’

दोघी खडकावर बसल्या. पाणी पायांवरून जात राहिलं.

‘‘गरम पाणी ओतू. मरून जातीन दोनी,’’ यमुना म्हणाली.

‘‘मेलेली टोपली डोक्यावर घेऊन चालशील?’’

‘‘मग सांगून टाकू साहेबाले.’’

‘‘कोणाचं नाव सांगू? तुया मालकाचं का माह्या? एकाचं सांगतलं तर दुसऱ्याची फौज नाचत येईल. दोघायचं सांगतलं तर दोन्ही फौजा येतीन.’’

यमुनेने नाक शिंकरलं. ‘‘दोनच लाल हायेत हीच तं पंचाईत. दोन घरं जाळायले सोपी असतात. अकरा असती तं कोणी काडी ओढली नसती.’’

हे ती चिडून बोलली होती. फुलवंता मात्र उठून उभी राहिली. तिला रोपवाटिका आठवली, आणि कपाळावर हात मारणाऱ्या डॉक्टरीणबाई.

‘‘भुजली,’’ ती म्हणाली, ‘‘पाणीबी साक्ष देते.’’

*

हे चोरून करता आलं असतं. लाल टोपल्यांखाली परात धरायची, वरून पाणी सोडायचं, खाली ठिबकलेलं पाणी बाकीच्या नऊ टोपल्यांवर शिंपडायचं. कोणाला कळलं नसतं. पण ज्यांच्या घरात काही नाही, त्यांच्या कपाळी लाल लावायचं तर विचारायला हवं. फुलवंताने त्याच दुपारी बाकीच्या दहाही जणींना त्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि दोन फडकी काढली. चिंधी तिने आधीच सोडून ठेवली होती.

बायका पुढे वाकल्या. बोलली ती कमळा. वयाने लहान, गुडघ्याखाली प्लास्टिकचा पाय.

‘‘कोणाच्या हायेत?’’

‘‘ते नाही सांगत.’’

‘‘नको सांगू. तुया तोंडावरच दिसून रायलं.’’ कमळा भिंतीला टेकली. ‘‘माह्या घरात काई नाही, फुलवंताबाई. माहा पाय गेला त्या दिवशी मालकानं देवावर हात ठेवून सांगतलं. आता माह्या टोपलीवर तू ते पाणी ओतशील? ज्यानं पाय नेला तेच?’’

  यमुना मध्ये काही बोलायला गेली, तर फुलवंताने तिचा हात दाबला.

‘‘तू नाही म्हणलीस तर नाही,’’ ती कमळाला म्हणाली.

कमळाने एक लाल पातं बोटांत धरून बघितलं. 

‘‘ओत,’’ शेवटी ती म्हणाली. ‘‘पण फुकट नाही. अकरा लाल टोपल्या पाहून साहेब घाबरल, तवा तू फक्त आपल्या माणसायले वाचवून घरी येशील, हे चालणार नाही. बिननावाचं जमा करून घ्यायचं. मंग गहू आपण पेरायचा, आपण पाहायचा. घरंबी, त्यायच्या छावण्याबी. अन् साहेबाच्या बोलणीच्या टेबलाशी दोन खुर्च्या आपल्या. दोन वर्षं झाली, त्या टेबलावर मी चहा ठेवते. चार कप, सहा कप. माह्याकडं कोणी वर पाहूनबी नाही बोललं.’’

फुलवंताने परात उचलली. पहिलं पाणी कमळाने स्वतःच्या टोपलीवर स्वतः शिंपडलं.

*

आठव्या दिवशी सकाळी गोडघाटे साहेब जागा बघायला आले. बरोबर डॉक्टरीणबाई होत्या. साहेब निवृत्त अधिकारी, चांगला माणूस. वाईट बातमीसुद्धा आभार मानून द्यायची त्यांना सवय होती.

‘‘फुलवंताबाई, तुम्ही तर या शांततेचा कणा!’’

‘‘कण्याले खुर्ची भेटते का, साहेब?’’

‘‘प्रस्तावनेत घेतलंय ना आम्ही. महिलांचा मोलाचा सहभाग, असा स्पष्ट उल्लेख आहे. खुर्च्यांचं पुढच्या टप्प्यात बघू.’’ मग ते खोलीकडे वळले. ‘‘या भुजलीच्या टोपल्या का? एक फोटो घेऊ?’’

फुलवंता दारात उभी राहिली खरी, पण डॉक्टरीणबाई तिच्या कडेने आत शिरल्याही होत्या. त्यांनी एक फडकं वर केलं. दुसरं केलं. तिसरं केलं. रंग अजून पुरता चढला नव्हता; पिवळ्या पात्यांच्या बुडाशी कुंकवाची बोटं उठल्यासारखी दिसत होती. बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. हा गहू सुरुंग शोधण्यापलीकडे कशालाही वापरायचा नाही, असं त्यांनी पथकाकडून लिहून घेतलं होतं. 

‘‘काय हो, येऊ का आत?’’ साहेबांनी बाहेरून विचारलं.

‘‘नको,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘उजेडाने रोप बिघडतं.’’ बाहेर येताना त्या फुलवंताशेजारी क्षणभर थांबल्या. ‘‘पाणी जरा जास्त झालंय,’’ त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. ‘‘मुळात किती होत्या?’’

‘‘दोन.’’

‘‘टोपी वेगळी असेल तर तो नुसता पिठाचा गोळा. एकत्र असेल तर हात लावू नका.’’ आणि त्या साहेबांमागे चालू लागल्या.

*

नवव्या दिवशी सकाळी दोन्ही टोल्यांच्या बायका गाणी म्हणत निघाल्या. टोपल्यांवर फडकी होती. वाटेच्या डाव्या अंगाला जंगलवाले, उजव्या अंगाला पहारेवाले, वर कॅमेऱ्याचे दोन ड्रोन. फुलवंता पुढे होती. शाळेचं फाटक दिसू लागलं तेव्हा यमुना तिच्या बरोबरीला आली. ती गात नव्हती. तिची मान ताठ होती आणि कपाळावरून घामाची धार लागली होती.

‘‘जरा हळू चाल, भुजली,’’ ती ओठ न हलवता म्हणाली. ‘‘माही जड हाय.’’

फुलवंताला आधी कळलं नाही. मग तिने टोपलीचं खाली झुकलेलं बूड बघितलं.

‘‘आणलंस?’’

‘‘त्यानं नाहीच दिलं. तो अंघोळीले गेला तवा मी खणून काढलं. पाच किलो असन. टोपी नाही आणली, तेवढी अक्कल हाय. तू आपलं बोलायचं आटप. मान लय वेळ नाही टिकणार.’’

आता परत फिरता येत नव्हतं. ती टोपली वाटेत उतरली तर संपलं. आणि सही आधी झाली, तर नाकेदाराची बायको करारभंग डोक्यावर घेऊन उभी आहे, असं होणार होतं.

शाळेच्या पटांगणात लांब टेबल होतं. एका टोकाला जंगलवाल्यांचा प्रमुख, दुसऱ्या टोकाला पहाऱ्याचा प्रमुख, मध्ये गोडघाटे साहेब आणि करार. साहेबांनी पेनाचं टोपण काढलेलं होतं. फुलवंता थेट टेबलाशी गेली आणि तिने आपली टोपली कराराच्या कागदांवरच ठेवली. मागून एकेक करत बाकीच्यांनी ठेवल्या. फडकी निघाली.

 दोन वर्षांत हा रंग ओळखत नाही असा माणूस त्या मुलखात उरला नव्हता. कुठेतरी बंदुकीचा खटका वाजला, मग दुसरा.

‘‘हे काय आहे?’’ गोडघाटे साहेबांनी विचारलं.

‘‘साक्षी गहू, साहेब. ढोलीखालच्या मातीत पेरला. सहा टोपल्या या काठाच्या, पाच त्या काठाच्या.’’

‘‘कोणाच्या घरच्या?’’

‘‘सगळ्यायच्या.’’

‘‘सगळ्या कशा असतील? नावं सांगा!’’ पहाऱ्याचा प्रमुख उठला.

‘‘खणा ना, जी. अकराही घरं खणा. पाच तुमच्याच माणसायची हायेत, तिथून सुरू करा,’’ फुलवंता म्हणाली. आवाज कापत होता, म्हणून तिने तो चढवला. ‘‘अजून सही नाही झाली. आता सापडलं तं कोणाचाच गुन्हा नाही. सही झाल्यावर सापडलं, तं तुमच्याच कलमानं उद्या पुन्हा लढाई. कवा पाहायचं ते तुमी ठरवा.’’

प्रमुख बसला. त्याने समोरच्या प्रमुखाकडे बघितलं, समोरच्याने त्याच्याकडे. फुलवंता दोघांचे चेहरे वाचत होती. दोघांपैकी एकानेही ‘आमच्या घरात काही नाही’ असं म्हटलं नाही. दोघेही मनातल्या मनात आपापली घरं मोजत होते, आणि ती अकराहून जास्त भरत असावीत.

‘‘अकरा म्हणता, पण टेबलावर तर दहाच आहेत,’’ साहेब म्हणाले.

सगळ्यांचे डोळे यमुनेकडे वळले. ती कडेला एकटी उभी होती, टोपली डोक्यावर, दोन्ही हात काठाला.  रामरतन पहारेवाल्यांच्या रांगेत होता. बायकोच्या मानेची शीर त्याने बघितली आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

‘‘तिचा नवस हाय,’’ कमळा म्हणाली. ‘‘बोलणं होईस्तोवर उतरवायची नाही. तवा बोलणं आटपा.’’

आणि कमळा लंगडत पुढे गेली, साहेबांशेजारची खुर्ची ओढून तिच्यावर बसली. ‘‘पाय दुखते,’’ ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली. दुसरी खुर्ची तिने फुलवंतासाठी ओढली.

कलम लिहायला वीस मिनिटं लागली. जंगलवाल्यांना ‘छावण्या’ हा शब्द नको होता. पहारेवाल्यांना ‘बिननावाचं’ नको होतं. साहेबांना दोन खुर्च्या पुढच्या टप्प्यात हव्या होत्या. दर वेळी फुलवंता यमुनेकडे बघे, यमुनेचा गुडघा किंचित वाके, आणि फुलवंता त्याच वाक्याशी परत येई. शब्द बदलायचा नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त तेच पुन्हा. सतराव्या मिनिटाला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘या बायका नाही म्हणाल्या, तर मी बियाणं परत नेते. मग तुमचे सुरुंग तुम्ही पायांनी शोधा.’’ तीन मिनिटांनी दोन्ही प्रमुखांनी समासात अंगठे उठवले.

ठरलं ते असं. शाळेच्या मागच्या भिंतीआड चुन्याचं रिंगण. दुपारपर्यंत सगळे आपापल्या घरी. ज्याला ठेवायचं त्याने यावं, ठेवावं, जावं. ड्रोन खाली. पथकाच्या बायका राखणीला, पण रिंगणाकडे पाठ करून. सही त्यानंतर.

पटांगण रिकामं व्हायच्या आतच यमुना भिंतीआड गेली. परत आली तेव्हा टोपली एका हातात लोंबत होती. ती फुलवंताशेजारी मातीत बसली, नव्हे, कोसळली.

‘‘नऊ वर्षांनी भेटली, अन् पहिल्याच सणाले माही मान मोडली तू,’’ ती म्हणाली. फुलवंता काही न बोलता तिची मान चोळत राहिली.

मग पावलांची वाट बघणं सुरू झालं. पहिला अर्धा तास कोणीच नाही. नंतर एक, घाईघाईचं. मग दोन एकदम, एकमेकांना बघून दचकलेली. फुलवंता पाठ न वळवता बोटं मोडत होती. यमुनेचं धरून चार. पाच. घटकाभराने सहा. टोपल्या मुळात लाल होत्या दोन. ही बाकीची माणसं कुठल्या ढोलीखालून येत होती देव जाणे. पण ती ज्याची वाट बघत होती, ते पाऊल यात नव्हतं. दसरूच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटका होता आणि ती घासत चालायची.

सावल्या पायाशी आल्या. साहेबांनी दुरून घड्याळ दाखवलं. यमुनेने तिचा हात धरला. त्याने नाही आणलं, तर नवं कलम, खुर्ची, पथक, सगळं घेऊन उद्या गहू आधी स्वतःच्याच घरात पेरावा लागेल, आणि तो लाल उगवेल, हे फुलवंताला कोणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात चप्पल घासली.

ती भिंतीआड गेली. काहीतरी जपून खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग चप्पल तिथेच थांबली.

‘‘माह्या लुगड्यात तं नाही ना बांधलं?’’ फुलवंताने समोर बघतच विचारलं.

चप्पल एकदा मातीत घासली. मग तो म्हणाला, ‘‘दुसरं काई सापडलं नाही घरात.’’

‘‘कोणतं?’’

‘‘हिरवं.’’

‘‘चांगलंच ते घेतलं!’’ फुलवंता म्हणाली. यमुना तोंडावर पदर धरून हसू लागली. फुलवंताने यमुनेच्या टोपलीतलं एक लाल रोप उपटलं आणि तिच्या कानामागे खोवलं. यमुनेने तिच्या कानामागे खोवलं. चप्पल वळली, दोन पावलं गेली.

‘‘ऐका,’’ फुलवंता म्हणाली. चप्पल थांबली. ‘‘येताना ढोलीखालची मूठभर माती घेऊन या. नवीन पेरायचं हाय.’’